वृक्काबाहेरील विकर आणि कॅल्शियमयुक्त भस्मे

ड जीवनसत्त्वाचे पहिले रूपांतर यकृतात होते. त्यानंतर वृक्कातील १-अल्फा हायड्रॉक्सिलेज हा विकर, अर्थात एन्झाइम, त्याला कॅल्सिट्रिऑल हे कार्यकारी रूप देतो. परावटू ग्रंथीच्या संप्रेरकाने हा विकर वाढतो. रक्तातील कॅल्शियम वाढले की उतरतो.

हाच विकर रोगप्रतिकारक पेशींतही आढळतो. रक्तातील मोनोसाइट पेशीचे मॅक्रोफेज या भक्षक पेशीत विभेदन होताना त्याची निर्मिती वाढते. लसिकापेशींनी स्रवलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या सायटोकाइनमुळे ती अधिकच वाढते. त्यातून पेशीतच तयार झालेले कॅल्सिट्रिऑल कॅथेलिसिडिन या जंतुनाशक पेप्टाइडची निर्मिती घडविते. क्षयजंतूंच्या संदर्भात हे २००६ साली दाखविले गेले. म्हणजे मूळ योजना संरक्षणाचीच आहे. मात्र येथील विकरावर परावटू संप्रेरकाचे नियंत्रण नसते आणि कॅल्शियम वाढले तरी तो थांबत नाही.

सार्कॉइडोसिस व क्षय यांसारख्या ग्रंथिकायुक्त विकारांत असे कॅल्सिट्रिऑल रक्तात उतरू शकते. दोन्ही वृक्के नसलेल्या सार्कॉइडोसिसच्या एका रुग्णात कॅल्शियम व कॅल्सिट्रिऑल दोन्ही वाढल्याचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा रुग्णांच्या फुप्फुसांतील मॅक्रोफेजच ते निर्माण करतात, हे १९८३ मध्ये दिसून आले.

आमच्या दृष्टीने याचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. प्रवाळ, शंख व मुक्ताशुक्ती ही भस्मे मुख्यतः कॅल्शियमची संयुगे होत. दौर्बल्य पाहून आपण ती योजतो. त्याच वेळी रुग्ण अन्यत्रून मिळालेले ड जीवनसत्त्व घेत असण्याचा संभव असतो. नेहमीच्या तपासणीत ड जीवनसत्त्वाचे साठवण-रूप मोजले जाते. ते कमी असूनही कॅल्सिट्रिऑल वाढलेले असू शकते. अशा वेळी अरुची, हृल्लास, मलावष्टंभ, तृष्णा, बहुमूत्रता व ग्लानी ही लक्षणे अग्निमांद्याची किंवा मूळ व्याधीची समजली जाण्याचा धोका आहे.

म्हणून ग्रंथिकायुक्त विकाराच्या रुग्णास ही भस्मे देण्यापूर्वी रक्तातील कॅल्शियम व वृक्ककार्य तपासावे, चालू औषधांची विचारपूस करावी आणि त्याच्या उपचारक तज्ज्ञांशी विचारविनिमय करावा. औषधालयचालकांनीही भस्म व ड जीवनसत्त्व एकत्र मागणाऱ्या ग्राहकास व्याधीविषयी विचारावे. या विषयात धात्वग्नीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. तथापि विकर म्हणजेच धात्वग्नी, असे समीकरण आम्ही मांडत नाही. द्रव्य तेच असले तरी व्याधीनुसार त्याचा परिणाम पालटतो, एवढेच येथे सांगावयाचे आहे.