घाटाची उष्णता, कृष्णेचे पाणी आणि मोटारीचे ब्रेक

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर उंचीवर आहे आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटरवर. या दोन गावांना जोडणारा पसरणी घाट मोटारीला अवघ्या बारा-तेरा किलोमीटरांत साडेपाचशे मीटरांहून अधिक खाली आणतो. माणसांसह १,२०० किलो वजन असलेल्या मोटारीत पाचगणीला केवळ उंचीमुळे जी ऊर्जा साठलेली असते, ती वाईला पोहोचेपर्यंत कुठेतरी खर्च व्हावीच लागते, आणि तिचे मोजमाप करायचे तर ती वीस लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी भरते. हवेचा आणि टायरांचा विरोध तिचा काही भाग शोषून घेतो. उरलेला भाग एकतर इंजिनाने पेलायचा असतो, नाहीतर ब्रेकने, आणि ब्रेकने पेलायचा म्हणजे चाकांजवळच्या काही किलो लोखंडाने तो उष्णतेच्या रूपात सोसायचा. घाटात ‘ब्रेक फेल झाला’ असे ज्या अपघातांबद्दल म्हटले जाते, त्यांतील बऱ्याच प्रसंगी तो अचानक निकामी झालेला नसतो; या उष्णतेचा आणि ब्रेक ऑइलमध्ये कित्येक महिने मुरत गेलेल्या पाण्याचा तो परिणाम असतो.

ब्रेकची यंत्रणा ज्या तत्त्वावर चालते ते तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल याने सतराव्या शतकात मांडले: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो. चालक पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडर नावाच्या नळकांड्यातील दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो आणि तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो. पायाचा जोर पुरेसा नसल्यामुळे पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये बूस्टर बसवलेला असतो, जो इंजिनामुळे निर्माण होणाऱ्या निर्वाताच्या साहाय्याने हा जोर कित्येक पटींनी वाढवतो. भारतातील अनेक छोट्या मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम असतो. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरतो, तर ड्रममध्ये लायनर लावलेले दोन शू आतून बाहेरच्या दिशेने फाकून फिरत्या ड्रमवर घासतात. ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढच्या चाकांवर येते, म्हणून मोकळ्या हवेत लवकर थंड होणारी डिस्क तिथे दिलेली असते.

पेडलवर पाय सतत ठेवून घाट उतरला की हे सगळे भाग तापत जातात. पॅडमधील घर्षण देणारे मिश्रण ज्या राळेने बांधलेले असते, ती अति तापल्यावर वायू सोडू लागते आणि पॅड व डिस्क यांच्यातील पकड कमी होते. पेडल घट्टच लागते, पण गाडी थांबत नाही. याहून धोकादायक प्रकार ब्रेक ऑइलचा आहे. कॅलिपरमधील ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला टेकते आणि चाकांपर्यंत दाब पोहोचतच नाही. घाट उतरताना मध्येच दरी पाहण्यासाठी गाडी थांबवणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यायला हवी: गाडी उभी राहिली की वाऱ्याने होणारे थंडावणे बंद होते आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये झिरपत राहते, त्यामुळे थांबण्यापूर्वी ठीक असलेले ब्रेक निघताना मऊ लागू शकतात. तापलेल्या ब्रेकचा जळका वास आला असेल तर पुरेसा वेळ थांबावे आणि पेडल पूर्वीसारखे घट्ट लागते याची खात्री करूनच पुढे निघावे.

यावरचा उपाय जुने चालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, आणि तो शास्त्रशुद्ध आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, इंजिनाचा विरोध गाडीला धरून ठेवतो आणि ब्रेकचे काम वळणापूर्वी वेग कमी करण्यापुरते उरते. तो वेगही सतत हलका पाय ठेवून कमी करू नये. थोडा वेळ ठामपणे ब्रेक दाबावा आणि पूर्ण सोडावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला उसंत मिळते. ऑटोमॅटिक मोटारीत हेच काम ‘एल’, ‘२’ किंवा हाताने गिअर निवडण्याच्या सोयीने होते. विजेवर चालणाऱ्या मोटारी उतारावर बॅटरी भरून वेग आवरतात, पण पाचगणीलाच बॅटरी शंभर टक्के भरून निघालेल्या गाडीत ही ऊर्जा घ्यायला जागाच नसते आणि सारा भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो. म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी थोडी रिकामी ठेवणे शहाणपणाचे आहे.

खालच्या गिअरच्या या नियमाच्या अगदी उलट जाणारी सवय म्हणजे इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिन बंद करणे. पुणे–सातारा मार्गावर खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे जाताना लागणारे इंग्रजी एस आकाराचे वळण अपघातांसाठी ओळखले जाते, आणि त्याच महामार्गावर पुण्याच्या वेशीवर कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा दीर्घ उतार त्याहून कुप्रसिद्ध आहे; तिथे २० नोव्हेंबर २०२२ रोजी रात्री एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिल्यानंतर उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय राज्यभर चर्चेत आली. इंजिन बंद केले की बूस्टरला निर्वात मिळणे थांबते. आत शिल्लक असलेला निर्वात दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरता पुरतो, त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते आणि स्टिअरिंगही जड होते. शिवाय यातून होणारी बचत फसवी आहे, कारण आजच्या बहुतेक मोटारींत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे इंधन आपोआप बंद होते, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते खर्च होतच राहते.

ऑइल उकळण्याच्या प्रश्नाशी पाण्याचा थेट संबंध आहे. ब्रेक ऑइल हवेतील दमटपणा शोषून घेते, आणि महाबळेश्वरसारख्या, देशातील अतिपावसाच्या ठिकाणांत गणल्या जाणाऱ्या परिसरात वावरणाऱ्या गाड्यांना याचा विचार अधिकच करावा लागतो. बाटलीवर ‘डॉट ३’ लिहिलेल्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू, म्हणजे ते ज्या तापमानाला उकळते तो, किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ‘डॉट ४’साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. म्हणजे ब्रेक ऑइलच्या डब्यातील पातळी बरोबर असूनही ऑइल निकामी झालेले असू शकते, आणि मोटारीच्या देखभालीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते नेमके इथेच. कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने, आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी, ऑइल पूर्ण बदलून नळ्यांतील हवा काढून घ्यावी. पुस्तिकेत सांगितलेल्याच प्रतीचे ऑइल वापरावे. इंजिन ऑइल चुकूनही पडले तर रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते.

सांगलीत ब्रेकवरचे पाण्याचे हे संकट पुराच्या, फार मोठ्या रूपात येते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तर तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ च्या पुरांतही शहरातील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशी गाडी धुऊन, वाळवून, इंजिन सुरू झाले म्हणून रस्त्यावर आणणे घातक आहे. पुराचा बारीक गाळ ड्रममध्ये साचून लायनर आणि ड्रम दोन्ही कापतो, कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकतात, हँडब्रेकची केबल आखडते आणि चाकांच्या वेगाचे मापन करणारे सेन्सर खराब होतात. म्हणून चारही चाके उघडून, ड्रम व कॅलिपर साफ करून, ऑइल बदलून आणि बेअरिंग तपासूनच ती गाडी चालवावी. साध्या पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर मात्र एवढ्याची गरज नसते. पुढे काही अंतर हळू चालवत पेडल हलके दाबले की ओलावा निघून जातो.

झीज ओळखायला पेडल आणि कान पुरेसे आहेत. पेडल स्पंजासारखे लागले तर नळ्यांत हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर ऑइल कुठेतरी गळते आहे किंवा मास्टर सिलिंडर आतून झिजला आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा एक कॅलिपर अडकला आहे. पॅड संपत आले की अनेक गाड्यांत पातळ धातूची पट्टी डिस्कला घासून किंचाळते, आणि तिकडे दुर्लक्ष केल्यास खरखर सुरू होते, तेव्हा पॅडबरोबर डिस्कचाही खर्च अंगावर येतो. पॅडची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास आली की ते बदलून घ्यावेत. पॅड झिजले की कॅलिपरचा दट्ट्या पुढे सरकतो आणि डब्यातील ऑइलची पातळी आपोआप उतरते. अशा वेळी कारण न शोधता वरून ऑइल भरणे म्हणजे इशारा पुसून टाकणे होय.

एप्रिल २०१९ पासून देशातील नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे. जोरात ब्रेक लावला तरी ही यंत्रणा चाके जाम होऊ देत नाही, त्यामुळे स्टिअरिंगने गाडी वळवता येते. त्या वेळी पेडल थरथरते, ते सोडू नये. मात्र तापलेल्या ब्रेकवर एबीएसचा काही उपाय चालत नाही, आणि उसाच्या गळीत हंगामात इस्लामपूर, तासगाव, कराड परिसरातील रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातून येणाऱ्या चिखलावर थांबण्याचे अंतर वाढते ते वाढतेच. या हंगामात रात्री मागचा दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि डिपरच्या प्रकाशात त्या साधारण चाळीस-पन्नास मीटरवर आल्यावरच दिसतात. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असताना, ताशी ८० किलोमीटर वेगाच्या मोटारीला चालकाच्या लक्षात येऊन त्याचा पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात २२ मीटर आणि त्यानंतर थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात. ताशी ६० च्या वेगाला हीच बेरीज सुमारे ३७ मीटर होते.