घारगे थापू या, मुलांच्या हातांनी

आपल्या घरी जेवणाच्या ताटावरून रोज लहानसे युद्ध होत असेल, तर पुढच्या वेळी भाजी वाढण्याआधी क्षणभर थांबावे. लाल भोपळ्याची भाजी पाहताच ओठ घट्ट मिटणारी मुले घरोघरी असतात. माझ्याही घरी एक होते. ‘हे पाच घास संपव, मग ऊठ’ असे बजावून मी माझ्या मुलाला अर्धा अर्धा तास ताटासमोर बसवून ठेवीत असे. त्या काळी मला ते आईचे कर्तव्य वाटे. आज तो अडतीस वर्षांचा आहे आणि सांबारातली भोपळ्याची फोडसुद्धा ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

अमेरिकेतील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. बालवाडीच्या वयाच्या मुलांना सूप देऊन काही वेळा ‘संपव, संपव’ असा आग्रह करण्यात आला, काही वेळा काहीच म्हटले नाही. आग्रह झाला तेव्हा मुले कमी प्यायली आणि तक्रारी मात्र पुष्कळ केल्या. नवी चव अंगवळणी पडण्यासाठी ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून अधिक वेळा मुलासमोर यावी लागते, असेही बालआहाराचे अभ्यासक सांगतात. आपण बहुतेक जण तिसऱ्या नकारालाच हार मानतो, किंवा आवाज चढवतो. मात्र समोर येणे म्हणजे ताटात येणेच, असे थोडेच आहे? हाताला लागणे, वास येणे, रंग दिसणे, हीदेखील ओळखच.

म्हणून यंदा सहा वर्षांच्या नातीबरोबर भोपळ्याचे घारगे करायचे ठरवले, तेव्हा मी स्वतःलाच एक अट घातली : तिला ‘खाऊन बघ’ असे एकदाही म्हणायचे नाही.

आपण हा बेत कराल तेव्हा मंडईतून कापलेली फाक न आणता शक्य तर लहानसा अख्खा भोपळा आणावा. लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलांना ठाऊक असते. तो भोपळा प्रत्यक्ष मांडीवर घेण्यात निराळीच मौज आहे. नातीने तो घरभर घरंगळवला आणि म्हातारी आत मावणार नाही, असा निर्वाळा दिला. भोपळा चिरणे मात्र मोठ्यांचेच काम. साल कठीण असते, सुरी निसटते. चिरल्यावर कच्चा तुकडा आपण जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर तो भोपळा सरळ टाकून द्यावा. बिया आणि आतले धागे काढणे हे मुलांचे खास काम. प्रथम ‘ईऽऽ’ होते, मग दोन्ही हात कोपरापर्यंत आत जातात. बिया धुऊन ताटलीत वाळत ठेवाव्यात, दोन-चार कुंडीत पेराव्यात. अगदी लहान मुलांच्या हाती त्या खायला देऊ नयेत, घशात अडकण्याची भीती असते.

घारग्यांसाठी भोपळा किसण्याची रीत आहे; पण किसणीवर इवली बोटे सोलवटतात. म्हणून फोडी पाणी न घालता कुकरच्या डब्यात वाफवाव्यात आणि कोमट झाल्यावर मुलांना हाताने कुस्करू द्याव्यात. एक वाटी गर असेल तर पाऊण वाटी चिरलेला गूळ घेऊन दोन्ही मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत ढवळावे. या वेळी मूल ओट्यापासून दूर हवे, कारण गुळाचे गरम मिश्रण त्वचेला चिकटते आणि चटका खोल जातो. मिश्रण पुरते निवल्यावर त्यात चिमूटभर मीठ, किसलेले जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर गरम तेलाचे मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालावी. कणीक साधारण दोन वाट्या लागते. पण हा हिशेब भोपळ्याच्या पाणथळपणावर अवलंबून असल्याने वाटीपेक्षा हातावर भरवसा ठेवावा. पाण्याचा थेंबही नको. पीठ घट्ट भिजवावे आणि फार वेळ ठेवू नये, कारण गुळामुळे ते सैल होत जाते. कच्चे पीठ चाटण्याची सवय मात्र मोडावी. त्यातून पोट बिघडू शकते.

मग केळीच्या पानाला तेलाचा हात लावून घारगे थापावेत, पुरीपेक्षा जाड, वर खसखस दाबून. नातीचा पहिला घारगा कोणत्याशा देशाच्या नकाशासारखा झाला. तो सारखा करण्यासाठी माझी बोटे शिवशिवत होती. मी हात मागे घेतला. आपल्यालाही तो मोह होईल.

तळणे पूर्णपणे आपले. कढई मागच्या शेगडीवर असावी आणि मुलाने निदान तीन फूट लांब बसून मोजदाद करावी. आच मध्यम ठेवावी, घारगा तांबूस होऊन फुगू लागतो. तेल उडून भाजलेच, तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये. चटका मोठा असेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

पोषणाविषयी प्रामाणिक राहिलेले बरे. भोपळ्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटिनचा; त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते आणि ते शोषले जाण्यास तेला-तुपाची मदत होते. म्हणून घारगे काही औषध ठरत नाहीत. गूळही साखरेचाच भाऊ आणि तळण ते तळणच. एखाद्या रविवारी एक-दोन पुरेत. एरवी याच पिठात गूळ निम्मा करून तव्यावर तुपाचा हात लावून दशम्या कराव्यात. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांनी मात्र नातवंडांच्या कौतुकापोटी पथ्य विसरू नये. मी विसरले होते.

आता खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी नातीने घारगा खाल्लाच नाही. सर्वांना वाढले, प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून पाहिले, स्वतः वरण-भात खाल्ला. दुसऱ्या खेपेला तिने फक्त वरची खसखस वेचून खाल्ली. मी गप्प राहिले. सोपे नव्हते ते. तिसऱ्या खेपेला तिने आपल्या बाबांच्या पुढ्यात नकाशाचा घारगा ठेवला आणि म्हणाली, “बाबा, यात भोपळा आहे. नको असेल तर नको खाऊस.” माझ्या मुलाने एकदा माझ्याकडे पाहिले, मग घारग्याकडे. अर्धा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या डब्यात दोन घारगे तिनेच मागून घेतले. संध्याकाळी डबा उघडला, तर एक संपला होता. दुसरा परत आला होता, कडेचा एक घास खाल्लेला.