देखण्या नायकाचा कंटाळा

देखणा नायक मराठी कादंबरीत एकदा येऊन बसला तो कित्येक वर्षं उठायलाच तयार नव्हता. उंच, गोरा, टेनिस खेळणारा, मोटार हाकणारा. त्याची मोटार पंक्चर होत नाही, पावसात भिजून त्याला पडसं होत नाही आणि नायिकेशी बोलताना त्याची बोबडी वळत नाही. अशा गृहस्थाच्या प्रेमात पडायला ना अक्कल लागते, ना धाडस. माझं जुनं तुणतुणं असं की प्रेमकथा हसरी व्हायची तर नायकात काहीतरी उणं हवं, आणि ते उणं असूनही नवरा म्हणून तोच पसंत पडायला हवा. निगडी-आकुर्डीच्या वाचक मंडळांतून हे तुणतुणं मी इतकी वर्षं वाजवलंय की काही जण मला पाहून रस्ता बदलतात. यंदा संपादकांनी विनोदी प्रेमकथेचा आढावाच मागितला, त्यामुळे ती सोय आता कुणाला नाही.

या प्रांतातली खरी उस्ताद जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४). तिची ‘रीजन्सी बक’ १९३५ सालची. तिथून पुढे रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२० या दशकातल्या लंडनच्या सातबाऱ्यावर तिचंच नाव लागलं. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ती आली ती वसाहतींमधून. पन्नाशीच्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, बजाज. क्वार्टर्स उभी राहिली आणि महिन्याच्या वर्गणीवर चालणारी वाचनालयंही. त्यांच्या इंग्रजी फळीवर जेम्स हॅडली चेस, अगाथा ख्रिस्ती आणि मिल्स अँड बून यांच्या गर्दीत हेयर असायची, मुखपृष्ठ निघालेली, पाठीला खाकी कागद लावलेली. अधिकाऱ्यांच्या बायका ती वाचायच्या हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीच्या बसमध्ये टूलरूममधली माणसंही ती वाचायची, हे मात्र आमच्या समीक्षकांना अजून कळलेलं नाही.

हेयरच्या तोऱ्यातल्या, तपकिरीची डबी उघडणाऱ्या सरदार नायकांबद्दल मी बोलणार नाही. ते ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांतल्या नायकांचे चुलतभाऊ. तिची करामत दुसऱ्याच रांगेत आहे. ‘द फाउंडलिंग’मधला (१९४८) ड्यूक अंगानं लहानखुरा, लाजाळू, काकांच्या आणि नोकरांच्या मायेखाली गुदमरलेला, एकदा तरी साधा माणूस म्हणून हिंडून यावं म्हणून तो घरातून गुपचूप निघतो. ‘द अननोन एजॅक्स’मधला (१९५९) धिप्पाड ह्यूगो यॉर्कशरहून वारस म्हणून येतो. घरचे त्याला आधीच गावंढळ ठरवून बसलेले, म्हणून हा पठ्ठ्या मुद्दाम गावच्या बोलीत ठसक्यानं बोलत राहतो आणि त्यांची फजिती बघतो. हा नायक भोसरी-मोशीच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पुण्यात मुलाखतीला गेल्यावर त्याला हीच वागणूक मिळालेली असते.

पण या सगळ्यांचा मुकुटमणी ‘कोटिलियन’मधला (१९५३) फ्रेडी. किटी नावाची अनाथ मुलगी एका कंजूष म्हाताऱ्याकडे वाढलेली. म्हातारा जाहीर करतो की माझ्या भाचे-पुतण्यांच्या पोरांपैकी कुणाशी लग्न केलंस तर इस्टेट तुझी. तिचा जीव देखण्या जॅकवर, आणि तो आपल्याच तोऱ्यात, फिरकतच नाही. मग ती फ्रेडीला गळ घालते: खोटा साखरपुडा कर आणि मला लंडन दाखव. फ्रेडीला कपड्यांचा शौक, पुस्तकांचं वावडं. डोकं बेताचं अशी घरात ख्याती. ब्रिटिश म्यूझियममधल्या जगप्रसिद्ध ग्रीक पुतळ्यांबद्दल त्याची तक्रार एकच, की त्यांना डोकीच नाहीत. पण कुठला रंग किटीला शोभेल, कुणाशी ओळख वाढवावी, कुणाला चार हात लांब ठेवावं, पळून जाणाऱ्या जोडप्याला वाटेत कायकाय लागेल, हे त्याला अचूक कळतं. जॅक डोळ्यांत डोळे घालून बघतो. फ्रेडी गाडीची व्यवस्था बघतो. कादंबरी संपताना किटीला कळतं की जन्म काढायचा तो दुसऱ्या प्रकारच्या माणसाबरोबर. आणि वेळ येते तेव्हा हा मऊ माणूस जॅकला एका ठोशात आडवाही करतो. नायकाचं नायकपण अडचण ओळखण्यात आहे, हे इतक्या हसतखेळत सांगणारी दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही.

आमच्या एका विद्वान मित्राला हे पटत नाही. इंग्रज सरदारांच्या नाचगाण्याशी कामगारवस्तीचा काय संबंध, ही निव्वळ पळवाट, असं ते दर परिसंवादात सांगतात. तिसरी पाळी करून आलेल्या माणसानं काय वाचावं हे पहिल्या पाळीच्या वेळेलाही न उठणाऱ्यांनी ठरवू नये, एवढंच माझं उत्तर. आणि संबंध म्हणाल तर तो दापोडीच्या पुलाइतका जवळ आहे.

रीजन्सीचं दशक म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाची अखेर. जेन ऑस्टेन १८ जुलै १८१७ रोजी वारली. तिच्या उरलेल्या दोन कादंबऱ्या त्याच डिसेंबरात बाहेर आल्या. मधे, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली. त्या वेळी दापोडीत फोर्ड नावाच्या इंग्रजाची पलटण होती. पगार पेशव्यांचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा. लढाईच्या दिवशी ती इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्यांकडचा मोरो दीक्षित हा फोर्डचा स्नेही. तो त्या दिवशी रणात पडला. त्याच्या आठेक वर्षं आधी, १८०९ मध्ये, मरिया ग्रॅहम नावाची इंग्रज बाई चिंचवडला येऊन गेली. मोरया गोसावींच्या गादीचे वारस, म्हणजे तिथले ‘देव’, तेव्हा लहान मुलगा होते. त्यांना पाहिल्याचं तिनं १८१२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यांत ऑस्टेन वाचली जात होती तेव्हा आमचं चिंचवडही तिथल्या पुस्तकांच्या दुकानात पोचलेलं होतं.

एवढा माल हाताशी असून आमच्या ऐतिहासिक कादंबरीनं त्या दशकात हसायचं नाव काढलं नाही. ना. सं. इनामदारांचे मात्र उपकार मानले पाहिजेत. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे आणि ‘मंत्रावेगळा’मध्ये खुद्द दुसरा बाजीराव, अशी शिव्याशाप खाल्लेली माणसं त्यांनी नायक म्हणून उभी केली. पळपुटा म्हणून शाळेपासून शिकवलेल्या माणसाला मधोमध आणून बसवायला छाती लागते. पण तिथंही सूर शोकाचाच. पराभव झालेल्या घरात हसायचं नाही, अशी आपली रीत. त्या काळचे शाहीर ही रीत पाळत नव्हते. होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या लावण्यांत रुसवे आहेत, टोमणे आहेत, उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याची हजेरी आहे. ब्राह्मण असून फडावर उभा राहिलेला राम जोशी आणि जातीनं गवळी असलेला होनाजी, दोघंही आडवळणाचे नायक. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘अमर भूपाळी’ (१९५१) हे चित्रपट त्यांच्यावर निघाले, यातच सिनेमावाल्यांचं नाक कादंबरीवाल्यांपेक्षा तिखट होतं हे दिसतं.

नाटकवाल्यांचंही तसंच. मर्फीच्या १७६१ सालच्या इंग्रजी प्रहसनावरून देवलांनी जे नाटक बेतलं तेच पुढे १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं. सगळ्या पात्रांची नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची. देखणा अश्विनशेठ आहे, त्याला गोड पदंही आहेत. पण प्रेक्षक जातो तो फाल्गुनरावासाठी. चक्कर आलेल्या रेवतीला तो सावरायला जातो, बायको ते खिडकीतून बघते, रेवतीच्या हातून पडलेली तसबीर बायकोच्या हाती लागते आणि दोन्ही घरांत आग लागते. पिकल्या वयाचा संशयी नवरा शंभर वर्षांहून अधिक काळ हाउसफुल्ल चालतो, आणि त्याच काळातले कादंबऱ्यांतले राजबिंडे तरुण आज वाचनालयाच्या माळ्यावरही सापडत नाहीत. यावरून काय तो बोध घ्यावा.

फडके, त्यांचे अनुयायी आणि अनुयायांचे अनुयायी यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय. काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकातून अश्लीलतेच्या आरोपावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६९ साली सुटली, त्या प्रकरणात गंभीर मंडळींनी जेवढं हसवलं तेवढं त्या कथेनं नाही. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) आमच्या पट्ट्यात हातोहात फिरली, अजून फिरते. पण तिचा जीव कट्ट्यावरच्या दोस्तीत आणि डोळ्यांतल्या पाण्यात. पुढे चला.

चिं. वि. जोशींपाशी मात्र थांबायला हवं. बडोद्यातला हा पालीचा पंडित. त्यानं मराठीला चिमणराव दिला. किरकोळ अंगाचा, बावरलेला, अंगात शौर्याचा लवलेश नसलेला कारकून. बायको, बहीण, आई आणि गुंड्याभाऊ यांच्या कचाट्यात तो रोज हरतो आणि रोज घरी परत येतो. प्रभावळकरांनी दूरदर्शनवर तो साकारला तेव्हा आमच्या वसाहतींत रस्ते ओस पडायचे. अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) दुसऱ्या टोकाचा. ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकून औदुंबर नट्यांची चित्रं फेकून देतो आणि व्रत घेतो. मग किशोरी येते आणि व्रताचं काय व्हायचं ते होतं. प्रतिज्ञा करणारा नायक आपल्याला भीष्मापासून ठाऊक होता. प्रतिज्ञेमुळे हास्यास्पद झालेला नायक अत्र्यांनी दिला. पिंपरीत संत तुकारामनगरला त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. तिथं त्यांच्या प्रेमकथांचा एखादा महोत्सव व्हावा म्हणून मी अर्जही दिलेला. कागद कुठल्या तरी टेबलावर आहे.

आता माझ्या आवडीचा माणूस. ‘सोंगाड्या’तला (१९७१) नाम्या. हाफ पँटचा नाडा लोंबतोय, तोंड उघडं, आयेच्या शब्दाबाहेर पाऊल नाही. वसंत सबनीसांनी लिहिलेला आणि दादा कोंडक्यांनी उभा केलेला हा नायक फ्रेडीचा सख्खा भाऊ आहे, हे वाक्य मी एका व्याख्यानात बोललो तेव्हा पहिल्या रांगेतली दोन माणसं उठून गेली. जाऊ देत. घरातला प्रत्येक जण दोघांनाही अर्धवट समजतो. दोघांच्याही मनात खोट नाही. दोघांनाही बाईशी बोलताना आपण कुणीतरी मोठे आहोत असा आव आणता येत नाही, आणि म्हणूनच बाईला त्यांच्यापाशी मोकळं वाटतं. तमाशातल्या कलावतीकडे गाव ज्या नजरेनं बघतो ती नजर नाम्याकडे नाहीच. तो तिच्याकडे जत्रेतल्या पोरासारखा डोळे विस्फारून बघतो. तमाशाच्या नादानं आये त्याला घराबाहेर काढते तेव्हा थेटरात हसणारी माणसं एकदम गप्प होतात, आणि दोन मिनिटांत दादा त्यांना पुन्हा हसवतो. ही कसरत फडक्यांच्या एकाही नायकाला जमली नसती. दादांच्या द्व्यर्थी बोलण्यावरच बोट ठेवणाऱ्यांनी नाम्याचा निरागसपणा कधी पाहिलाच नाही.

ही परंपरा पुढे अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी चालवली. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) भाड्याच्या खोलीसाठी साडी नेसणारे पुरुष नायक झाले. राहायला जागा नाही म्हणून प्रेमाचा खोळंबा, ही अडचण चिंचवड-काळेवाडीच्या तरुणाला वेगळी सांगायला नको होती. ही मंडळी पडद्यावर गर्दी खेचत असताना मराठी कादंबरी दुःखाची पारायणं करत होती.

आजची स्थिती बोलण्याजोगी नाही. वर्गणीची वाचनालयं एकेक करून मोबाइलची दुकानं झाली. कंपनीच्या बसमध्ये पुस्तक उघडलेलं माणूस दिसलं तर चालकसुद्धा वळून बघतो. जानेवारी २०१६ मध्ये ८९वं साहित्य संमेलन आमच्या शहरात थाटात झालं. त्यात विनोदी प्रेमकथेवर कुणी बोलल्याचं मी तरी ऐकलं नाही. नव्या लेखकांना विचारावं तर म्हणतात, काका, असल्या कथेला विषय कुठं आहे?

विषय चाकणला आहे. बजाजचा कारखाना तिथं १९९९ साली आला, फोक्सवॅगनचा २००९ साली, आणि मागून बाकीचे. रीजन्सी कादंबरीला जे जे लागतं ते सगळं चाकणच्या रस्त्याला मांडून ठेवलंय. तिथं लंडनला मुलाचं वार्षिक उत्पन्न विचारायचे. इथं पहिला प्रश्न ‘परमनंट आहे का?’ परमनंट, टेंपररी, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्ट अशी उतरंड, आणि प्रत्येक पायरीला स्थळाचा भाव वेगळा. तिथं जमीनदार, इथं कारखान्याला जमीन देऊन रातोरात करोडपती झालेला, गळ्यात सोन्याचा साखळदंड घातलेला गुंठामंत्री. तिथं वारसाहक्काच्या भानगडी. इथं सातबारा आणि बहिणींकडून सही करून घ्यायचं हक्कसोडपत्र. त्या सहीवर आख्खी कादंबरी उभी राहील. भाऊ राखीला साडी घेऊन येतो आणि पिशवीत तळाला स्टॅम्पपेपर, ही घटना मी पाहिलेली आहे. तिथं घोड्यांच्या शर्यती. इथं बैलगाडा घाट, ज्याला मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मान्यता दिली.

नायक कोण हेही मी सांगून ठेवतो. गुंठामंत्र्याचा थोरला नको, तो जॅक. नायक म्हणजे कॉन्ट्रॅक्टवरचा फिटर, जो रविवारी घाटात माइक घेऊन शर्यतीचं समालोचन करतो. बैलांची नावं, मालकांचे मान, कुणाचा कुणाशी अबोला, सगळं त्याला पाठ. फक्त मुलीसमोर उभं राहिल्यावर आवाज बसतो. नायिका वायरिंग हार्नेसच्या लाइनवरची, हिशोबाला पक्की, सही कुठं करायची नाही हे कळणारी. लेखकानं फक्त त्यांना हसू द्यावं आणि दोघांपैकी कुणाला मारू नये.

दिवाळी अंकांच्या संपादकांना जागेची अडचण असते, हे मला मान्य आहे. राशिभविष्याची पानं कमी करा. तूळ राशीच्या कॉन्ट्रॅक्ट फिटरचं यंदा लग्न जमणार की नाही हे ज्योतिष्यापेक्षा कादंबरीकारानं ठरवलेलं जास्त बरं.