गाडी बसकी करताना स्प्रिंगची निवड

स्पोर्ट्स कारच्या शौकिनांमध्ये एक मोजमाप सर्वमान्य आहे. टायर आणि त्यावरील पत्र्याची कमान यांच्यामधील फटीत किती बोटे मावतात? तीन मावली तर गाडी उंच, एकच मावले तर देखणी! ही फट कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मूळ स्प्रिंग काढून त्यांच्या जागी आखूड आणि थोड्या अधिक कडक स्प्रिंग बसविणे. बाजारात त्यांना लोअरिंग स्प्रिंग म्हणतात. १९५१ साली जर्मनीतील फिनेनट्रॉप येथे स्थापन झालेली आयबाख ही या व्यवसायातील एक जुनी कंपनी. कोणत्याही कंपनीचे माहितीपत्रक उघडले तरी ठळक अक्षरांत एकच आकडा दिसतो, तो म्हणजे गाडी किती मिलिमीटर खाली येणार याचा. ग्राहकही तोच पाहून स्प्रिंग निवडतो. निवडीची चूक बहुधा येथेच होते.

टोयोटाची जीटी ८६ हे याचे चांगले उदाहरण. सुबारूच्या सहकार्याने तयार झालेली ही दोन दारांची मोटार २०१२ मध्ये बाजारात आली. भारतीय रस्त्यांवर ती क्वचितच दिसेल, पण जगभरातील हौशी मंडळींनी जिच्या स्प्रिंगशी सर्वाधिक खेळ केला अशा गाड्यांत तिची गणना होते. आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनामुळे तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अवघा ४६ सेंटिमीटर उंचीवर असल्याचे कंपनीने सांगितले होते. गाडीचे वजन चालकासह सुमारे १,२५० किलो आणि दोन चाकांमधील रुंदी साधारण दीड मीटर धरली, तर वेगाने वळण घेताना आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर सुमारे ३४० किलो भार सरकतो. गाडी २५ मिमी खाली आणली, तर हा भार फार तर १८ किलोंनी, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास घटतो. फायदा खरा आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा मोठा नाही.

आता त्याची किंमत पाहू. खड्डा किंवा उंचवटा आला की चाक वर उचलले जाते. ते किती उचलले जाऊ शकते याला मर्यादा असते. या मर्यादेच्या टोकाला रबर किंवा फोमचा एक ठोकळा असतो. त्याला बंप स्टॉप म्हणतात. समजा, उभ्या गाडीत चाकाला वर जाण्यासाठी ७० मिमी जागा आहे. गाडी ३० मिमी खाली आणली की उरले ४०. तेवढाच धक्का आता ४० मिमीमध्ये जिरवायचा, तर स्प्रिंग किती पट कडक हवी? स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ही दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे ७० भागिले ४० या संख्येचा वर्ग करावा लागतो. उत्तर तीन पटींहून थोडे अधिक येते. शॉक अॅब्सॉर्बरचा वाटा बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण दिशा दाखवायला पुरेसा आहे. रोजच्या वापरासाठी विकल्या जाणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग तीन पट कडक नसतात. तशा असत्या तर गाडीत बसवणार नाही. कडकपणा ३० टक्क्यांनी वाढवला, तर याच हिशेबाने गाडी फक्त नऊ मिमी खाली आणता येते!

उरलेली तफावत बंप स्टॉप भरून काढतो. गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकलेली असताना बाहेरील चाक त्या ठोकळ्यावर जाऊन बसले, की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो. पुढच्या चाकाच्या बाबतीत असे झाले तर गाडी वळायचे नाकारते. मागच्या चाकाच्या बाबतीत झाले तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. ओल्या घाटरस्त्यावर, वळणाच्या ऐन मध्यावर एखादा खड्डा आला तर काय होईल, याची कल्पना करता येते. म्हणूनच गाडी किती खाली येते याआधी चाकाला वर जायला किती जागा उरते, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला पाहिजे. जीटी ८६ सारख्या, मुळातच कमी जागा असलेल्या स्पोर्ट्स कारसाठी १५ ते २५ मिमी हीच शहाणपणाची मर्यादा म्हणता येईल.

दुसरा प्रश्न कडकपणाचा. तो न्यूटन प्रति मिलिमीटर या एककात सांगितला जातो आणि जो विक्रेता तो सांगत नाही, त्याच्याकडून स्प्रिंग न घेतलेली बरी. नजरेने तो ओळखता येत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ ऐवजी १३ मिमीची तार वापरली, तर बाकी सारे तसेच असूनही स्प्रिंग सुमारे ३८ टक्के अधिक कडक होते. काही स्प्रिंगचा कडकपणा शेवटपर्यंत एकच असतो, तर काहींचा दाबत जावे तसा वाढतो. दुसऱ्या प्रकारात गाडी उभी असतानाचा आकडा मागावा. पुढचा आणि मागचा आकडा मात्र एकमेकांशी ताडून पाहू नये. जीटी ८६ च्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे डबल विशबोन आहे. मागे तरफेच्या तत्त्वामुळे स्प्रिंगचा पूर्ण कडकपणा चाकापर्यंत पोहोचत नाही.

मॅकफर्सन स्ट्रटची आणखी एक गोम आहे. गाडी फार खाली आणली की खालची आडवी भुजा चाकाकडे वर चढू लागते. त्यामुळे गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली घसरतो. परिणामी कलंडण्याची तरफ लांबते. वळणावर कमी झुकावी म्हणून खाली आणलेली गाडी स्प्रिंग पुरेशी कडक नसेल तर उलट अधिक झुकते.

शॉक अॅब्सॉर्बरचे काय? स्प्रिंग ३० टक्के कडक झाली, तर तिची उसळी आवरण्यासाठी सुमारे १४ टक्के अधिक रोध लागतो. चांगल्या स्थितीतले मूळ शॉक अॅब्सॉर्बर तेवढे निभावून नेतात. ते ७०-८० हजार किलोमीटर चाललेले असतील किंवा स्प्रिंग याहून कडक असेल, तर दोन्ही एकदमच बदलावे. मजुरी तरी एकदाच पडते.

मूळ स्प्रिंगचे वेढे कापणे किंवा गॅसने तापवून त्या बसविणे, हा गल्लीबोळातील गॅरेजचा उद्योग मात्र निव्वळ घातक आहे. तापवल्याने पोलादाचे पाणी उतरते. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की जागेवरून निसटू शकते. विकतची स्प्रिंगसुद्धा चाक पूर्ण खाली लोंबकळत असताना बैठकीत घट्ट राहते ना, हे जॅकवर पाहून घ्यावे.

बसवतानाची एक गोष्ट अनेक मेकॅनिक विसरतात. सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करायचे असतात, अन्यथा बुश कायमचे पिळलेले राहून लवकर फाटतात. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, हेडलाइटच्या झोताची दुरुस्ती आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा अलाइनमेंट. हे टाळले तर टायरची आतील कड काही महिन्यांत झिजते.

जपानमध्ये गाडीचा तळ जमिनीपासून किमान नऊ सेंटिमीटर उंच असावा लागतो. तेथील जीटी ८६ ची मूळ उंची १३ सेंटिमीटर आहे. आपल्याकडील प्रश्न गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्यावर मधोमध आली, तर त्याचा माथा चाकांच्या पातळीपेक्षा जेमतेम पाच सेंटिमीटर वर येतो. म्हणजे नऊ सेंटिमीटरची गाडीही सावकाश पार होईल. अर्थात, असा गतिरोधक शहरात शोधावाच लागतो. एका रात्रीत डांबर टाकून उभारलेल्या उंचवट्यांना कोणताच नमुना लागू नसतो.

कायद्याची बाजूही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. स्प्रिंग विकत घेण्याआधीच आरटीओ आणि विमा कंपनी यांचे म्हणणे लेखी घ्यावे. काढलेल्या मूळ स्प्रिंग भंगारात न देता, पुढची कोणती आणि मागची कोणती याची चिठ्ठी लावून ठेवाव्यात. गाडी विकताना पहिली मागणी त्यांचीच होते.