तवा घ्या पारखून, वापरा राखून

बैल घ्यायचा म्हटला की आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग वाचल्याशिवाय पिशवी फोडत नाही. पण ज्यावर घरादाराची भाकरी आणि कालवण होते तो तवा, ती कढई घेताना मात्र आठवडी बाजारात उभ्या उभ्या भाव करतो आणि पिशवीत टाकतो. मग तवा वर्षभरात वाकतो, अन्न चिकटते, पावसाळ्यात गंज चढतो आणि लोखंडच वाईट म्हणून माळ्यावर जातो. त्याच्या जागी हलके अॅल्युमिनियम किंवा न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे येते. दोष लोखंडाचा नसतो, निवडीचा आणि वापराचा असतो.

अलीकडे शहरातल्या दुकानांत ‘कार्बन स्टील’ म्हणून तळणीचे तवे चकचकीत खोक्यातून मिळतात. नाव ऐकून बिचकू नका. लोखंडात थोडासा कार्बन असला की त्याला पोलाद म्हणतात. आपल्या बाजारातला पत्र्याचा किंवा ठोकून घडवलेला काळा तवा हाही त्याच घराण्यातला, फक्त कार्बन आणखी कमी असलेला. बिडाचा तवा मात्र वेगळा. बीड ओतीव असते, त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. ते जड असते, उष्णता धरून ठेवते, म्हणून घावन-आंबोळीला उत्तम. पण हातातून फरशीवर पडले तर तडकते. पत्र्याचा तवा पडला तर वाकेल, फुटणार नाही.

यात आपले काय?

प्रश्न नुसत्या भांड्याचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण ६८.९ टक्के होते. खुरपणी, कापसाची वेचणी, भाताची लावणी ही कामे कोणाच्या कंबरेवर चालतात ते आपल्याला ठाऊक आहे. दुपारनंतर बाईला चक्कर येते, धाप लागते आणि आपण ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून देतो. रक्त कमी असण्याची कारणे अनेक आहेत, पण आहारातून पुरेसे लोह न मिळणे हे त्यातले मोठे कारण आहे.

लोखंडी भांड्यात शिजवलेल्या अन्नात थोडे लोह उतरते. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इथिओपियातल्या लहान मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अॅल्युमिनियमच्या भांड्यातले अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा लोखंडी भांड्यातले खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन जास्त वाढलेले दिसले.

मात्र एक गोष्ट नीट समजून घ्या. भाकरी कोरडी असते आणि तव्यावर दोन-चार मिनिटेच राहते, तिच्यात फारसे लोह उतरत नाही. ओलसर, थोडे आंबट आणि जास्त वेळ शिजणारे कालवण असेल तर लोह जास्त उतरते. म्हणजे घरात लोखंडी तवा आहे, पण भाजी-आमटी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात होते, तर फायदा थोडाच. पालेभाजी, पिठले, टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत करा आणि जेवताना वर लिंबू पिळा. लिंबाने अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाला लागून चहा घेतला तर उलट होते, म्हणून चहा तास-दीड तासाने घ्यावा.

तवा कसा पारखावा?

पहिली गोष्ट जाडी. पातळ पत्र्याचा तवा मधे जळतो आणि कडेला कच्चा राहतो. पत्रा गेजमध्ये मोजतात आणि इथे आकडा उलटा चालतो. गेज वाढला की पत्रा पातळ. १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, १४ गेज म्हणजे २ मिलिमीटर, १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. रोजच्या वापराला २ ते ३ मिलिमीटरचा तवा बरा.

दुकानदाराला गेज सांगता येत नसेल तर काटा आहेच. मूठ सोडून नुसत्या तव्याचे वजन पाहा. ३० सेंटिमीटर म्हणजे सुमारे एक फूट रुंदीचा तवा २ मिलिमीटर जाडीचा असेल तर १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास भरतो. ३ मिलिमीटरचा असेल तर साधारण १ किलो ६५० ग्रॅम. २५ सेंटिमीटर रुंदीचा २ मिलिमीटरचा तवा पाऊण किलोच्या जरा वर जातो. एक फुटी तवा सहाशे-साडेसहाशे ग्रॅमच भरला तर तो पातळ आहे असे समजा आणि खाली ठेवा.

दुसरी गोष्ट बैठक. शेगडीवर वापरायचा सपाट तवा सपाट फरशीवर ठेवून चारी बाजूंनी बोटाने दाबा. डुगडुगला तर घेऊ नका. चुलीवर खोलगट तवा चालतो. तिसरी गोष्ट मूठ. ती रिवेट मारून पक्की बसवलेली असावी. जोड दिलेली असेल तर जोड सलग आहे का ते पाहावे. चुलीवर प्लॅस्टिकसारखी मूठ टिकत नाही. तिथे लोखंडी मूठ किंवा बिनमुठीचा तवा आणि सांडशी हेच खरे.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पत्रा कशाचा आहे? जस्त चढवलेला पांढरट पत्रा, ज्यावर फुलांसारखी नक्षी दिसते, तो छपराला चांगला, स्वयंपाकाला नाही. आंबट पदार्थात जस्त उतरते आणि फार तापवले तर त्याचा धूर बाधतो. लोहचुंबकावर विसंबू नका. जस्ताच्या पत्र्यालाही आत लोखंड असल्याने चुंबक चिकटतो. जुन्या पिंपाचा पत्रा कापून केलेला तवाही घेऊ नये. त्या पिंपात आधी कीटकनाशक होते की रसायन, हे कोण सांगणार? वरून काळा रंग मारलेला तवाही नको. गावात घिसाडी किंवा लोहार असतील तर कोरा पत्रा आपल्यासमोर निवडून तवा घडवून घ्यावा. तवा खात्रीचा मिळतो आणि कारागिराच्या हाताला काम मिळते.

नवा तवा तयार करणे

नव्या तव्यावर गंज लागू नये म्हणून कारखान्याचे तेल लावलेले असते. ते गरम पाणी, साबण आणि काथ्याने दोन-तीनदा घासून पूर्ण काढा. मग तवा आचेवर ठेवून कोरडा करा आणि हळूहळू तापवा. पत्र्यावर निळसर-तपकिरी छटा येऊ लागेल. ती येऊ द्या. हे काम अंगणात किंवा खिडक्या उघड्या ठेवून करावे, कारण धूर होतो.

आता तवा किंचित निवू द्या. सुती फडक्याने तेलाचे बोट फिरवा आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते जवळजवळ सगळे पुसून टाका. तेल लावलेच नाही असे वाटले पाहिजे. मग धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. असे तीन-चार वेळा करा. तेल तापून पत्र्यावर कडक, काळा, गुळगुळीत थर धरते. हा थर म्हणजेच लोखंडी तव्याचा न चिकटणारा लेप. बहुतेक जण इथे चुकतात. लवकर व्हावे म्हणून तेल जाड लावतात आणि तवा चिकट होऊन बसतो.

तेल कोणते? वाळणारे तेल चांगले. आपल्या करडईचे तेल यासाठी फार छान. सूर्यफुलाचे आणि सोयाबीनचेही चालते. जवसाचे तेल रंग-वार्निशात वापरतात ते याच गुणामुळे, पण त्याचा थर जाड झाला तर खपल्या निघतात. शेवटी मूठभर कांद्याची साले आणि मीठ तव्यावर परतून टाकून द्या. तवा कामाला तयार झाला.

रोजचा वापर

शक्य असेल तर भाकरीचा तवा वेगळा आणि तळणी-परतणीचा वेगळा ठेवा. भाकरीला कडक आच लागते आणि तेल लागत नाही. त्या आचेवर तेलाचा थर जळून जातो. थालीपीठ, धिरडे, अंडे, मासे यांना तो थर हवा असतो.

तवा आधी तापवा, मग तेल, मग पदार्थ. पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा घरंगळू लागला की आच थोडी कमी करून तेल सोडावे. पदार्थ टाकल्या टाकल्या उलथने खुपसू नका. खालून शिजला की तो आपोआप सुटतो. लोखंडी उलथने बिनधास्त वापरा. लेपाच्या भांड्यासारखे ओरखड्याचे भय इथे नाही. लेपाची भांडी तर चुलीच्या जाळावर ठेवूच नयेत. साधारण २६० अंशांच्या पुढे तो लेप खराब व्हायला लागतो आणि चुलीचा जाळ तिथवर सहज नेतो.

चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांनी तेलाचा थर निघतो. म्हणून आंबट कालवणाला तळणीचा तवा न वापरता वेगळी कढई ठेवावी. शिजले की कालवण लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे. रात्रभर कढईत राहिले तर काळे पडते आणि तोंडाला लोखंडाची चव येते.

तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतू नका, पत्रा वाकतो. कोमट असताना पाणी आणि काथ्याने घासा, पुसा, आचेवर धरून कोरडा करा आणि तेलाचे फडके फिरवा. पावसाळ्यात आणि कोकणच्या दमट हवेत हे रोज करावे. गंज आलाच तर घाबरू नका. राख किंवा बारीक वाळूने तो घासून काढा आणि तेलाचा थर पुन्हा धरवा. टाकून देण्याचे कारण नाही.

दोन इशारे

तवा हे औषध नव्हे. अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ठरल्याप्रमाणे घेतल्याच पाहिजेत. ‘आम्ही लोखंडात शिजवतो’ म्हणून गरोदर बाईने गोळी बंद करू नये. दुसरे असे की पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्या घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण आहे, त्यांनी लोह वाढवण्याचा कोणताही उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांना एक विनंती. अंगणवाडीत आणि शाळेच्या पोषण आहारात कोणत्या भांड्यात शिजते ते एकदा जाऊन पाहा. महिला व बालकल्याणाच्या १० टक्के निधीतून चांगल्या जाडीच्या लोखंडी कढया घेता येतील का, हे नियम पाहून मासिक सभेत मांडा. बचत गटांनी गावच्या लोहाराकडे एकदम मागणी नोंदवली तर भावही बरा पडेल.

येत्या बाजाराला जाताना वजनाचे आकडे चिठ्ठीवर लिहून घ्या. तवा काट्यावर घाला, फरशीवर ठेवून दाबून पाहा आणि मगच पैसे मोजा.