इंजिन वयानं जात नाही, तापून जातं

मे महिन्यातल्या दुपारी चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यात नवीकोरी गाडी क्वचितच असते. एमएच १८ किंवा एमएच १९ पाटीची मारुती ८००, ओम्नी, एखादी कमांडर जीप, नाहीतर पंधरा वर्षं पळालेली बोलेरो. घरच्यांचं निदान तयार असतं : गाडी म्हातारी झाली, आता विकून टाका.

हे निदान बहुतेक वेळा घाईचं असतं. जुनं इंजिन नुसत्या वयामुळे अचानक बसत नाही. ते आधी तापतं, तेल खातं, मिसिंग मारतं आणि या तक्रारी महिनोन् महिने सांगत राहतं. त्या ऐकायला गॅरेजवाल्याला सवड नसते. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात. मालकाकडे सवड असते आणि गाडीची सवयही असते. म्हणून घरच्या घरी इंजिनदुरुस्ती करायची तर पान्यांची पेटी नंतर, आधी दोष नेमका कुठं आहे याचा शोध.

पंचेचाळीस अंशांचा हिशेब

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा कामाला लागते, तेवढीच धुरावाटे जाते आणि उरलेली बरीचशी रेडिएटरला हवेत सोडावी लागते. रेडिएटर किती उष्णता सोडणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर गेला की हा फरकही ४५ वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते. त्यात डांबरी रस्त्यालगतची हवा वेधशाळेच्या आकड्यापेक्षा जास्तच तापलेली. थंड गावात वर्षानुवर्षं खपून गेलेला अर्धवट तुंबलेला रेडिएटर खानदेशात पहिल्याच उन्हाळ्यात उघडा पडतो, तो यामुळे.

तापण्याचा पहिला फटका सिलिंडर हेडला बसतो. मारुती ८०० आणि तिच्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ते मर्यादेबाहेर तापलं की किंचित वाकतं, हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग उडतं आणि पाणी, तेल व जळता वायू एकमेकांच्या वाटांत शिरतात. मग हेड उतरवा, फेसिंगला पाठवा, व्हॉल्व्ह घासा, नवं पॅकिंग बसवा. या सगळ्याच्या मुळाशी कधी कधी न फिरणारा पंखा किंवा ढिली झालेली होज क्लिप एवढंच असतं.

कधी तापते, ते आधी पाहा

काटा नेमका केव्हा वर जातो, याची नोंद आठवडाभर ठेवली की निम्मा शोध संपतो. गावातल्या गर्दीत, सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेवर थंड होते? मग संशय पंख्यावर. हायवेवर वेग घेतला की तापते? मग रेडिएटर तुंबलेला, रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडणारा किंवा वॉटर पंप कमजोर. सकाळी चालू केल्यावर पाचच मिनिटांत तापते? मग थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड पॅकिंग गेलंय.

पंख्याची तपासणी सोपी आहे. जुन्या जीपमध्ये पंखा बेल्टवर फिरतो. बेल्ट ढिला आहे का, तडकलाय का, एवढं बघायचं. कार्बोरेटरच्या मारुतीत पंखा विजेवर चालतो आणि पाणी ठरावीक तापमानाला गेलं की थर्मोस्विच तो सुरू करतो. स्विचचा जोड काढून दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या आणि पंखा फिरला, तर मोटर ठीक आणि स्विच गेलेला. फिरला नाही, तर फ्यूज, वायरिंग किंवा मोटर. हा पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं आणि ओढणी-उपरण्याची टोकं लांब ठेवायची.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातल्या गॅसवर होते. तो काढून दोऱ्यानं पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. शेजारी थर्मामीटर धरायचा. थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा, समजा ८२, जवळ आला की मधली झडप हलायला लागते आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडते. पाणी उकळलं तरी ती हलली नाही, तर दोषी हाती लागला. आपल्याकडे अनेक जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात आणि गाडी आता थंड राहते म्हणून खूश होतात. पण धुळ्याचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो. तेव्हा असं इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आतली झीज वाढते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसेल तर पाणी रेडिएटरला वळसा घालूनच परत फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

पाण्याचाच त्रास

रेडिएटर तुंबवण्यात बोअरच्या पाण्याचा वाटा मोठा. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर नळ्यांना आतून चिकटतात. बादलीतल्या हीटर रॉडवर धरणारं पांढरं कवच जसं असतं, तसंच हे. ते उष्णता अडवतं आणि नळीचं तोंडही लहान करतं. म्हणून वाटेत ढाब्यावरचं पाणी ओतावंच लागलं, तर घरी आल्यावर ते काढून टाकायचं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण घालायचं. कूलंट फक्त थंडीसाठी असतं हा गैरसमज आहे. ते गंज रोखतं आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढवतं.

उत्कलनबिंदू वाढवण्याचं काम रेडिएटरचं झाकणही करतं. त्यातली स्प्रिंग साधारण ०.९ बार दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही आणि धडधाकट इंजिनातलं पाणीही उकळून बाहेर येतं. नवं झाकण हा जुन्या गाडीवरचा सगळ्यात स्वस्त इलाज. मात्र तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबायचं. तापलेल्या हेडमध्ये गार पाणी ओतलं तर ते तडकूही शकतं.

रेडिएटर बाहेरूनही तुंबतो. काळ्या मातीची धूळ, किडे, जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू पापुद्र्यांमध्ये अडकतात. ते इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, साध्या पाइपच्या हलक्या धारेनं धुवायचे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यानं पापुद्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

प्लग बोलतो

१९८३च्या डिसेंबरमध्ये आलेली आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली मारुती ८०० घरच्या मेकॅनिकला सोयीची का, तर ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात तिचे तिन्ही प्लग हाताशी येतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्लग काढा आणि क्रमानं वर्तमानपत्रावर मांडा. टोकाचा रंग फिका तपकिरी असेल तर जळण नीट होतंय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा एअर फिल्टर धुळीनं भरलाय. तेलकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सीलवाटे ऑइल वर येतंय. पांढराफटक आणि फोड आल्यासारखा असेल तर ते सिलिंडर जास्त तापतंय. तीनपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरपुरता. प्लग परत बसवताना आधी हातानंच आटे धरू द्या, पाना शेवटी लावा. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की काम लेथवाल्याकडे जातं.

हेड पॅकिंग गेलंय की रिंगा झिजल्या, याचा निकाल कॉम्प्रेशन गेज देतो. सगळे प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. मूळ आकड्यापेक्षा तिन्हींमधला फरक महत्त्वाचा. एक कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला, तर तेलानं रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवली, म्हणजे दोष रिंगांचा. जैसे थे राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा पॅकिंग. शेजारशेजारची दोन सिलिंडरं सारखीच पडली असतील, तर त्यांच्यामधलं पॅकिंग जळलंय असं समजायला हरकत नाही. सोबत ऑइल कॅपखाली दुधाळ फेस, रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर असेल, तर शंका राहत नाही.

आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जुन्या कार्बोरेटरचे रबरी भाग आणि पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरा पडतात. गाडी अनेक दिवस उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावाही ओढून घेतं. म्हणून जुन्या गाडीचे इंधनाचे पाइप दर सर्व्हिसिंगला हातानं चाचपून पाहा. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

हात कुठं आवरायचा

ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट, होज, थर्मोस्टॅट, झाकण, डिझेल जीपच्या फिल्टरमधली हवा काढणं : इथपर्यंत घरचं राज्य. टायमिंग बेल्ट, हेड उतरवणं, डिझेल पंप आणि इंजेक्टर : हे मिस्तरीचं. टायमिंग एक दात चुकलं तरी इंजिन धड चालत नाही. कॉमनरेल डिझेलमध्ये हजार बारच्या वरचा दाब असतो. ती धार कातडीतून आत घुसते. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोडी लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. निघालेलं जळकं ऑइल खेड्यांत वाळवीसाठी लाकडाला फासतात, पण कायद्यानं तो घातक कचरा आहे. ते कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, गटारीत नको.

कायद्याची रेघही लक्षात ठेवावी. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं. पण नियमांत बसत नसल्यानं ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, असंही म्हटलं आणि २०२२ साली तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. हातात कला असली तरी रस्त्यावर आरसी बुक चालतं. आहे ते इंजिन दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. इंजिन बदललं तर मात्र आरटीओत नोंद करावी लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्या दिवशी धूर आणि ऑइलची गळती आधी डोळ्यांत भरते.

घरच्या मेकॅनिकची खरी कमाई गॅरेजच्या दारात दिसते. धुळ्यातला मिस्तरी "काय व्हयनं?" विचारेल. "गाडी गरम होते" एवढंच सांगितलं, तर तो अंदाजानं सुरुवात करेल आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही द्याल. "हायवेवर ऐंशीच्या पुढेच तापते, पंखा फिरतो, थर्मोस्टॅट ८२ला उघडतो, तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे" असं सांगितलं, तर तो हेडला हातही न लावता थेट रेडिएटर उतरवायला घेईल.