गुंठा, आर आणि तेहतीस फुटांची दोरी

पारावर कोणालाही विचारा, "रान किती हाय?" उत्तर येणार, "दोन एकर, वर दहा गुंठे." सातबारा उघडून पाहा, तिथे ना एकर ना गुंठा, हेक्टर आणि आर. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, कागद बदलले, जीभ मात्र बदलली नाही. पायली घरातून गेली तरी 'पायलीचे पन्नास' आपण म्हणतोच, तसेच हे.

गुंठ्याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. इंग्रजी अमदानीत जमीन मोजायची साखळी ३३ फुटांची असे. तिचे १६ भाग. एका भागाला आणा म्हणत. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० झाले की एकर. रुपयातले आणे १९५७ साली गेले, तरी पिकाच्या पैसेवारीला जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात.

आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. गुंठ्यापेक्षा १३ फूट कमी. "तेरा फुटानं काय व्हतंय?" असे म्हणून व्यवहारात दोन्ही एकच धरतात. पण ४० आरांना एक एकर समजले, तर जवळजवळ अर्धा गुंठा कमी पडतो. दहा एकरांत साडेचार गुंठ्यांच्या वर. हेक्टरचेही तसेच, तोंडी 'अडीच एकर', हिशेबाने २ एकर आणि जेमतेम १९ गुंठे. रस्त्याकडेची जमीन घेताना इसारपावतीवर गुंठे आहेत की आर, एवढे तरी नीट वाचावे.

याहून मोठी फसगत मोजण्यात आहे. चौकोनी रान मोजायची गावठी रीत अशी, की समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. रान काटकोनात असेल तर उत्तर बरोबर. तिरके असेल तर मात्र दर वेळी जास्तच येते, कमी कधीच येत नाही. म्हणजे विकणाऱ्याची चांदी! ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये आपल्या ग्रंथात या रीतीला स्थूल म्हणजे ढोबळ म्हटले होते. आपण अजून तिच्यावर वाटण्या करतो.

उदाहरण घ्या. चारही बाजू १०० फूट, पण रान पतंगासारखे तिरके. एक कर्ण १६० फूट, दुसरा १२०. गावठी रीतीने १०,००० चौरस फूट, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या वर. खरे क्षेत्र ९,६००, पावणेनऊच्या आसपास. गुंठ्याचा तिसरा हिस्सा हवेत गेला.

उपाय सोपा आहे. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणा, रानाचे दोन त्रिकोण होतील. दोरी मोजा, उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यातून तिच्यावर काटकोनात अंतर मोजा. पाया गुणिले उंची, भागिले दोन. दोन्हींची बेरीज, भागिले १,०८९, झाले गुंठे. काटकोनासाठी गवंड्याचा गुण्या पुरतो. तो नसेल तर दोरीला ३, ४ आणि ५ हातांवर गाठी मारून त्रिकोण ताणा. तीन आणि चारच्या मधला कोपरा बरोबर काटकोन. मात्र हात एकाच माणसाचा हवा! सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची ओढली की वाढते. म्हणून ३३ फुटांची दोरी करून ठेवली तरी वापरण्याआधी टेपला लावून पाहावी.

हल्ली पोरे मोबाईल घेऊन बांधावरून फिरतात आणि क्षेत्र सांगतात. पाच-दहा एकरांचा अंदाज घ्यायला ठीक आहे. पण साध्या मोबाईलची जागा चार-पाच मीटर सहज चुकते. गुंठ्याची बाजूच मुळी दहा मीटरची, तिथे तो काय कामाचा?

आणि दोरीने मोजले ते घरापुरते. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून 'क' प्रत घ्यावी. मोजणीच्या दिवशी शेजारच्या खातेदारालाही बांधावर हजर ठेवावे.